स्नो ब्लोअर तुंबलाय, इंजिन बंद केलंय. आता हात घालू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यंदा पहिल्यांदाच पेट्रोलवर चालणारा, मागून चालत चालवायचा टू-स्टेज स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उचलून लांब फेकणारं मशीन, घेतलाय. घरापुढचा ड्राइव्हवे आणि पायवाट साफ करायची असते. ओल्या बर्फात चूट, म्हणजे बर्फ बाहेर फेकणारं नळकांडं, सारखी तुंबते. इंजिन बंद करून हाताने बर्फ काढला तर चालेल ना? आणि एकूणच घरी हे मशीन चालवताना काय काय सांभाळायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, चालणार नाही. इंजिन बंद असलं तरी नाही, किल्ली खिशात असली तरी नाही, हातात जाड मोजे असले तरीही नाही. गेली बरीच वर्षं मी ही मशीन वापरतो आणि दुरुस्तही करतो. बाकी सगळ्या सूचना परिस्थितीप्रमाणे थोड्या इकडेतिकडे होतील, पण ही एक होणार नाही.

कारण समजून घ्यायचं तर आत काय चाललेलं असतं ते डोळ्यांसमोर आणा. समोर दिसणारा आडवा, मळसूत्रासारखा भाग म्हणजे ऑगर. तो बर्फ फोडतो आणि दोन्ही बाजूंनी मध्यभागी ओढतो. त्याच्या मागे, बाहेरून नीट न दिसणारा एक पंखा असतो, त्याला इम्पेलर म्हणतात. मध्यभागी आलेला बर्फ तो उचलून चुटीतून लांब भिरकावतो. ऑगर तुलनेने हळू फिरतो, त्यामुळे लोक त्याला घाबरतात पण निदान तो दिसतो तरी. इम्पेलर साधारण त्याच्या दसपट वेगाने फिरतो आणि चुटीच्या तोंडाच्या अगदी खाली, हाताच्या अंतरावर असतो. त्याची पाती आणि भोवतीचा पत्रा यांच्यात जेमतेम काही मिलिमीटरची फट असते. चुटीत वरून घातलेली बोटं नेमकी तिथेच पोचतात.

आता ओला बर्फ आत ठासून बसला की काय होतं? इम्पेलर अडतो, पण इंजिन त्याला फिरवायला बघतच असतं. बेल्ट ताणला जातो, पुलीच्या खाचेत बर्फ गोठला असेल तर तो तिथेच रुतून बसतो. शेवटी इंजिन गुदमरून बंद पडतं, तेव्हा सिलिंडरमध्ये दाबलेली हवा कधी कधी तशीच अडकून राहते. म्हणजे मशीन शांत दिसतं, पण आत ताण शिल्लक असतो, चाप ओढून धरलेल्या स्प्रिंगसारखा. त्या ताणाला अडवून धरणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तो तुंबलेला बर्फ. आणि आपण नेमका तोच काढायला जातो.

एकदा माझ्याच मशीनमध्ये असं झालं होतं. इंजिन बर्फात अडकून बंद पडलेलं, हँडलवरचे दोन्ही लिव्हर (एक चाकांचा, एक ऑगरचा) सोडलेले, किल्ली काढलेली, वर मिनिटभर थांबलेलो. लाकडी काठीने चुटीतला बर्फ टोचला. तिसऱ्या-चौथ्या टोच्याला आतून 'खट्' असा आवाज आला आणि काठी हातातून हिसकली गेली. पातं फार फार तर पाव फेरा फिरलं असेल. काठी बाहेर काढून पाहिली तर टोकापासून बोटभर वर लाकडात तिरकी खाच पडली होती, पेन्सिल तासताना ब्लेड चुकून खोल जावं तशी. ती काठी मी टाकली नाही. कुणाला हे मशीन शिकवायचं असलं की आधी ती हातात देतो आणि खाचेवरून अंगठा फिरवायला सांगतो.

हाताच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दर हिवाळ्यात याच जखमा बघतात, आणि त्यांचं वर्णन ठरलेलं असतं: जड, ओला बर्फ, तापमान गोठणबिंदूच्या आसपास, तुंबलेली चूट आणि आत घातलेला हात. हातही बहुतेक वेळा तोच, ज्याने माणूस लिहितो. बोट तुटतं, हाडाचा चुरा होतो, शिरा आणि नसा पिळवटल्या जातात. अशी जखम सुरीने कापल्यासारखी स्वच्छ नसते, म्हणून तुटलेलं बोट परत जोडणंही अवघड जातं. यात नवशिकेच असतात असं मुळीच नाही. दहा-पंधरा हिवाळे मशीन चालवलेली माणसं यात सापडतात, कारण त्यांनी आधी कित्येकदा हात घातलेला असतो आणि तेव्हा काही झालेलं नसतं.

तर तुंबलं की असं करायचं. दोन्ही लिव्हर सोडा. इंजिन बंद करा आणि किल्ली काढून खिशात टाका. सगळं फिरायचं थांबेपर्यंत थांबा, आणि थांबलंय हे नुसतं आवाजावरून ठरवू नका, समोर जाऊन डोळ्यांनी बघा. मग मशीनसोबत आलेली प्लॅस्टिकची काठी घ्या. ती बहुतेक मॉडेलवर ऑगरच्या पत्र्याच्या वर किंवा हँडलजवळ क्लिपमध्ये अडकवलेली असते. चुटीवर तोंड आणून वाकू नका, बाजूला उभं राहा. काठी मुठीत आवळून, अंगठा टोकावर ठेवून धरू नका. हिसका बसला तर ती सुटून जायला हवी. काठी हरवली असेल तर झाडूचा दांडा चालेल. बर्फ सैल झाला की हात, काठी सगळं बाजूला घ्या, मशीन सुरू करा आणि उरलेला बर्फ मशीनलाच बाहेर फेकू द्या. शेवटचा गोळा बोटांनी उचकटायचा मोह तिथेच होतो, म्हणून आवर्जून सांगतो.

आणि मशीन चालू ठेवून काठीने टोचणं हा तर त्याहून वाईट प्रकार. चालू इम्पेलरने काठी पकडली की ती भाल्यासारखी बाहेर येते, किंवा हातालाच आत खेचते.

ऑगर आणि पुढच्या भागात एखादी दोरी, वायर किंवा पायपुसणं गुंडाळलं गेलं तर काठीने भागत नाही, हात लावावाच लागतो. तिथे नुसती किल्ली काढून भागत नाही. स्पार्क प्लगची वायरही काढून बाजूला ठेवा, म्हणजे ऑगर हाताने फिरवताना इंजिन चुकून सुरू होणार नाही. गुंडाळलेली वस्तू पक्कडीने धरून काढा. बॅटरीवरच्या मशीनमध्ये हेच काम बॅटरी बाहेर काढून करायचं, वायरवरच्या मशीनमध्ये प्लग सॉकेटमधून काढून. विजेवरचं मशीन फारसा आवाज करत नाही म्हणून ते सौम्य आहे असं वाटतं, पण बोटांच्या बाबतीत ते पेट्रोलच्या मशीनइतकंच निष्ठुर असतं. सिंगल-स्टेज मशीनची, म्हणजे वेगळा इम्पेलर नसलेल्या मशीनची, रबरी पातीही तशीच. रबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

आता मुळात तुंबू नये म्हणून काय करता येतं ते सांगतो, कारण चूट जितकी कमी वेळा तुंबेल तितका मोह कमी होईल.

ताजा, कोरडा बर्फ एक घनमीटर घेतला तर साधारण ५० ते १०० किलो भरतो. ओला बर्फ त्याच्या तीन-चार पट, कधी त्याहूनही जड असतो. मशीन तेच, पण काम कितीतरी पट वाढतं. त्यात ओला बर्फ पत्र्याला चिकटतो. अशा वेळी थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा खटका) कायम पूर्ण ठेवायचा आणि चालायचा वेग कमी करायचा. नवीन माणूस उलटं करतो: आवाजाला घाबरून थ्रॉटल कमी करतो आणि लवकर आटपावं म्हणून भरभर चालतो. इम्पेलरला वेग असला तरच बर्फ चुटीतून उडतो, नाहीतर तो चुटीच्या वळणावर साचतो. ओल्या बर्फात मशीनची पूर्ण रुंदी भरून घेऊ नका. निम्मी किंवा दोन-तृतीयांश घ्या, बाकीचा भाग आधी साफ केलेल्या पट्ट्यावर राहू द्या. इंजिनाचा आवाज जड झाला, चुटीतून येणारी धार तुटक झाली, की पुढची पायरी तुंबण्याचीच. तिथेच पुढे जायचं थांबवा, ऑगर फिरत राहू द्या, धार परत मोकळी झाली की मग पुढे चला.

दुसरं, मशीन उबदार गॅरेजमधून काढून लगेच बर्फात घालू नका. कोमट पत्र्यावर बर्फ वितळतो, मग गोठतो आणि चूट आतून खडबडीत होते. आधी पाच-दहा मिनिटं बाहेर थंड होऊ द्या. काम सुरू करण्यापूर्वी, इंजिन बंद असताना, चुटीच्या आतल्या बाजूला सिलिकॉनचा स्प्रे मारला तर बराच फरक पडतो. आणि बर्फ खूप पडणार असेल तर सगळा पडून जायची वाट बघू नका. १५-२० सेंटीमीटर साचला की एकदा फिरवून घ्या. ड्राइव्हवेच्या तोंडाशी रस्ता साफ करणारी गाडी जो ढीग लावून जाते, तो सगळ्यात वाईट: ओला, दाबलेला, मधे गोठलेली ढेकळं. त्याला मशीन धाडकन भिडवू नका. वरचा थर आधी, मग खालचा, थोडं थोडं कुरतडत घ्या. मोठी ढेकळं फावड्याने फोडा.

एवढं करूनही साध्या बर्फात मशीन तुंबत असेल तर ऑगरचा बेल्ट ढिला झालाय किंवा झिजलाय का ते तपासून घ्या. घसरणाऱ्या बेल्टमुळे इंजिन जोरात चालतं पण इम्पेलरला वेग मिळत नाही. माझ्याकडे 'चूट खराब आहे' म्हणून आलेल्या मशीनपैकी बऱ्याच मशीनमध्ये खरा दोष बेल्टचा निघाला.

लिव्हरबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं. हँडलवर दोन लिव्हर असतात, एक चाकांचा आणि एक ऑगरचा. हात सोडला की दोन्ही सुटतात आणि मशीन थांबतं. तुम्ही घसरून पडलात तर तुमचा जीव या दोन लिव्हरवर असतो. दर वेळी काम सुरू करण्यापूर्वी, मोकळ्या जागेत, ऑगर चालू करून लिव्हर सोडून बघा. तो ५ सेकंदांच्या आत थांबायलाच हवा. जास्त फिरत राहिला तर केबल किंवा ब्रेक जुळवून घेतल्याशिवाय मशीन वापरू नका. काही मॉडेलमध्ये दोन्ही लिव्हर दाबलेले असले की एका हाताने दोन्ही धरून राहतात, म्हणजे दुसरा हात चूट वळवायला मोकळा मिळतो. सोय चांगली आहे, पण धरलेला लिव्हर सोडल्यावर दोन्ही सुटतात ना, हेही त्याच वेळी तपासा. लिव्हर दोरीने बांधून किंवा चिकटपट्टी गुंडाळून आणलेली मशीन मी पाहिली आहेत. हात दुखतो म्हणून बांधला, असं मालक सांगतात. अशा मशीनची दुरुस्ती मी ती दोरी कापल्याशिवाय हातात घेत नाही.

पेट्रोल इंजिन थंड असताना, उघड्यावर भरा. काम मध्येच थांबवून तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतणं हा भाजण्याचा सरळ रस्ता आहे; आधी टाकी भरून मगच निघा. मशीन गॅरेजच्या बाहेर ढकलत नेऊन तिथे सुरू करा. दार उघडं आहे, दोन मिनिटांचंच काम आहे, असं म्हणून आत सुरू करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि गॅरेजला लागून घर असेल तर तो दाराच्या फटीतून आत झोपलेल्या माणसांपर्यंत पोचतो. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असायलाच हवा. इलेक्ट्रिक स्टार्टर असेल तर बाहेर वापरण्याजोगी, अर्थिंगची एक्स्टेन्शन वायर घ्या. जोडताना आधी मशीनला, मग भिंतीला, आणि काढताना आधी भिंतीतून.

जमिनीची तयारी बर्फ पडायच्या आधीच करायची. एक चक्कर मारून पाण्याचा पाइप, मुलांची खेळणी, कुत्र्याची साखळी, पायपुसणं, दिव्यांच्या माळांची वायर, सुटे दगड उचला. ड्राइव्हवेच्या कडेला उंच खुणेच्या काठ्या रोवा. बर्फाखाली सगळं सारखंच पांढरं दिसतं आणि आपल्याला वाटतं तेवढं आपलं अंगण आपल्याला पाठ नसतं. ऑगरच्या दोन्ही बाजूंना स्किड शू असतात, त्यांनी मशीनची उंची ठरते. सपाट काँक्रीटवर खालच्या पट्टीची जमिनीपासूनची उंची ३ मिलिमीटरच्या आसपास पुरते. खडीच्या वाटेवर ती अडीच-तीन सेंटीमीटर ठेवा आणि खाली थोडा बर्फ राहू द्या. तो हट्टाने खरवडलात तर खडी चुटीतून गोळीसारखी सुटते. सिंगल-स्टेज मशीन तर खडीवर वापरूच नका, त्याची पाती जमिनीला घासूनच चालतात.

ऑगरमध्ये काही कठीण अडकलं की ऑगरला त्याच्या दांड्याशी जोडणारी शिअर पिन तुटते. ती तुटण्यासाठीच मऊ केलेली असते, म्हणजे गिअरबॉक्स वाचतो. तिच्या जागी हाताला लागेल तो कडक बोल्ट घालू नका. मूळ मापाच्या चार-सहा पिना जवळ ठेवा. ती बदलतानाही किल्ली आणि प्लगची वायर आधी काढा.

चुटीचं तोंड कुठे आहे याचं भान कायम ठेवा. टू-स्टेज मशीन बर्फ दहा मीटर आणि त्याहूनही लांब फेकतं, आणि बर्फाबरोबर खडाही तितकाच लांब जातो. चूट खिडकी, गाडी, रस्ता आणि माणसं यांच्याकडे कधीही नको. वाऱ्याच्या दिशेनेच फेका, नाहीतर सगळं तोंडावर येतं आणि समोरचं दिसेनासं होतं. मुलांना बर्फ उडताना बघायला फार आवडतं, ती धावत जवळ येतात आणि इंजिनाच्या आवाजात तुम्हाला ऐकूही येत नाहीत. म्हणून लहान मुलं घरातच, मोठ्या कुणाच्या तरी नजरेखाली. कुणीही आवारात आलं की आधी लिव्हर सोडायचे, मग बोलायचं.

उतारावर वर-खाली चालवा, आडवं नको. फार उभा उतार असेल तर ते काम फावड्याचं. मागे घेताना विशेष जपा: मागे बघायचं, वेग सगळ्यात कमी ठेवायचा, आणि आपण भिंत आणि मशीन यांच्यामध्ये सापडणार नाही अशा कोनात वळायचं. मागे येताना पाय घसरला की मशीन अंगावर येतं, त्या क्षणी हँडल घट्ट धरायची सहज प्रवृत्ती होते आणि चाकांचा लिव्हर दाबलेलाच राहतो. सोडून द्यायची सवय मुद्दाम लावावी लागते.

गळ्यात मफलर, लोंबणाऱ्या नाड्या, सैल बाह्या नकोत. पकड असलेले बूट, डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि कानात बोळे किंवा इअरमफ हवेत. तासभर या आवाजाजवळ उघड्या कानांनी काम करू नका.

काम संपलं की इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवून, चूट मोकळ्या जागेकडे करून, ऑगर रिकामा फिरू द्या, म्हणजे आतला बर्फ निघून जातो आणि रात्रीत पाती गोठून बसत नाहीत. मग किल्ली काढा, इंजिन गार होऊ द्या आणि त्यानंतरच आत ठेवा, गिझर किंवा हीटरच्या ज्योतीपासून लांब. घरात दुसरं कुणी मशीन चालवणार असेल तर त्याच्याकडून तुंबलेली चूट साफ करायचा सगळा क्रम तुमच्यासमोर एकदा कोरड्यात करून घ्या: लिव्हर, किल्ली, थांबणं, बघणं, काठी. आणि ती काठी वापरून झाली की तिथल्या तिथे क्लिपमध्ये परत लावा. बर्फात पडलेली काठी सापडत नाही, अंधार पडत आलेला असतो, थोडंच काम उरलेलं असतं, आणि हात तेव्हाच आत जातो. मी म्हणूनच एक जादा काठी गॅरेजच्या दाराशी खिळ्याला टांगून ठेवतो.